डोळ्याच्या दवाखान्यात पाठीची चौकशी: एका युव्हिआयटिस ओपीडीचा दीड वर्षाचा अनुभव

पुण्यातील एका विश्वस्त संस्थेच्या नेत्ररुग्णालयात दर गुरुवारी सकाळी युव्हिआयटिसची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराला येणाऱ्या सुजेची, स्वतंत्र ओपीडी चालते आणि महिन्यातल्या दोन गुरुवारी त्याच मजल्यावर संधिवाततज्ज्ञही बसतात. गेल्या दीड वर्षात मी या ओपीडीत अकरा वेळा गेलो आहे. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि त्या एकट्या त्याच रुग्णालयाच्या माथी मारणे मला रास्त वाटत नाही. ही सेवा ज्या रीतीने चालते त्या रीतीविषयी मात्र सविस्तर लिहायचे आहे, कारण ज्यांचा एक डोळा वारंवार लाल होतो आणि ज्यांची पाठ सकाळी आखडलेली असते, त्यांना या दोन्ही गोष्टी एकाच केसपेपरवर लिहिणारा दवाखाना सहसा भेटत नाही.

मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिकवतो. पहिल्यांदा डावा डोळा लाल झाला तेव्हा आईने दारातूनच निदान केले, ‘डोळे आलेत.’ आमच्या फॅमिली डॉक्टरांचेही तेच मत पडले आणि त्यांनी अँटिबायोटिकचे ड्रॉप्स दिले. पण डोळे आल्यावर पापण्या चिकटवणारी चिपडे येतात, तशी एकही नव्हती. नुसते पाणी वाहत होते, लाली बुबुळाभोवती कडे घातल्यासारखी गोळा झाली होती, आणि उजेड अक्षरशः टोचत होता. सगळ्यात विचित्र गोष्ट अशी, की डावा डोळा हाताने पूर्ण झाकून चांगल्या उजव्या डोळ्याने खिडकीकडे पाहिले, तरी कळ झाकलेल्या डाव्या डोळ्यातच उठत असे. याचे कारण मला पुढे कळले: एका डोळ्यावर उजेड पडला की दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या एकदम आकसतात, आणि सुजलेले बुबुळ आकसले की दुखते. ही खूण कुणालाही घरी पाहता येते आणि डोळे आले असतील तर ती बहुधा आढळत नाही. मला ती तेव्हा ठाऊक नव्हती. आठ दिवस वाया गेले, मग तालुक्याच्या ठिकाणी स्टेरॉइडचे ड्रॉप्स मिळाले, डोळा निवळला आणि मी ते सारे विसरून गेलो. चार महिन्यांनी तोच डोळा पुन्हा पेटला, तेव्हा पुण्याला निघालो.

पहिल्या भेटीतली तपासणी नीट सांगण्यासारखी आहे. स्लिट लॅम्पच्या, म्हणजे डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्राच्या, टेकूवर हनुवटी आणि पट्टीवर कपाळ टेकवल्यावर डॉक्टरांनी खोलीतला दिवा घालवला आणि प्रकाशाची एक बारीक फीत तिरकी डोळ्यात सोडली. त्यांच्यासोबत एक शिकाऊ डॉक्टर होत्या. त्यांना दाखवताना त्यांनी मलाही समजावले, की कौलातून आलेल्या उन्हाच्या कवडशात जसे धूलिकण तरंगताना दिसतात, तशा तुमच्या डोळ्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशी तरंगत आहेत आणि मी त्या मोजतो आहे. हे मोजणे खरोखरच असते. एक मिलिमीटर रुंद आणि एक मिलिमीटर उंच अशा प्रकाशाच्या चौकटीत सोळा ते पंचवीस पेशी दिसल्या तर दोन अधिक, सव्वीस ते पन्नास दिसल्या तर तीन अधिक, अशी श्रेणी २००५ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेली आहे. माझ्या कागदावर ‘तीन अधिक’ असे लिहिले गेले. पुढच्या प्रत्येक भेटीत हा आकडा बदलत गेला आणि औषध त्या आकड्यावरून ठरले, माझ्या ‘आता बरे वाटते आहे’ या सांगण्यावरून नव्हे. शिक्षकाला हे आवडणारच. विद्यार्थ्याला किती समजले ते त्याने मान डोलावली यावरून ठरवू नये, हे आम्ही रोज अनुभवतो.

बाहुली गोल राहिलेली नाही, हेही त्याच वेळी समजले. डोळ्याच्या आतली सूज चिकट असते. तिच्यामुळे बुबुळाची कड मागच्या भिंगाला चिकटते आणि बाहुली एका बाजूला खेचल्यासारखी दिसते. पहिल्या खेपेचे ते आठ दिवस असे माझ्या डोळ्यात कायमचे नोंदले गेले होते.

त्यानंतर डॉक्टरांनी खुर्ची मागे घेतली आणि विचारले, ‘सर, सकाळी उठल्यावर पाठ किती वेळ आखडलेली असते?’ डोळ्याच्या दवाखान्यात हा प्रश्न येईल असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. सात-आठ वर्षांपासून माझी कंबर धरत होती. उभे राहून शिकवण्याचा धंदा, दुचाकीवरचा खड्ड्यांचा रस्ता, अशी कारणे मी स्वतःच देत आलो होतो. त्यांनी ओळीने प्रश्न विचारले: दुखणे चाळिशीच्या आत सुरू झाले का, हळूहळू आले का, पहाटे तीन-चारच्या सुमारास जाग येते का, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते का, टाचा दुखतात का. सगळ्यांची उत्तरे ‘होय’ होती. मणका झिजल्याने किंवा स्नायू लचकल्याने होणारे दुखणे आडवे झाल्यावर थांबते, माझे मात्र आडवे झाल्यावर जागे होत होते. एवढा साधा फरक सात-आठ वर्षांत मला कुणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मीही वेदनाशामक गोळी आणि पट्टा यापलीकडे कुणाला काही विचारले नव्हते. माझ्या लेखी या सेवेचे निम्मे मोल त्या पाच मिनिटांत आहे.

दोन आजारांचा संबंध त्यांनी थोडक्यात सांगितला. बुबुळ आणि त्याला लागून असलेला रक्तवाहिन्यांनी भरलेला थर मिळून युव्हिया होतो, त्याच्या पुढच्या भागाची सूज म्हणजे माझा आजार. कमरेखाली, माकडहाडाच्या वर, त्रिकास्थी आणि कटीच्या हाडांमध्ये जो सांधा असतो तिथून सुरू होऊन मणक्यांमध्ये चढत जाणारा संधिवात म्हणजे अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. हा संधिवात असलेल्या साधारण चार जणांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी डोळ्याचा असा झटका येतो. तो अचानक येतो, बहुधा एका वेळी एकाच डोळ्यात येतो आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या डोळ्यात जाऊ शकतो. दोघांना जोडणारा दुवा म्हणजे एचएलए-बी२७ नावाचे आनुवंशिक चिन्ह. १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे तो दाखवून दिला. लंडनच्या अभ्यासात ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत हे चिन्ह सापडले आणि तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांपैकी फक्त तिघांत. डोळ्याच्या या सुजेशी त्याचा संबंध आहे हेही त्याच वर्षी समोर आले. म्हणजे ही गोष्ट वैद्यकाला माझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे. माझ्या कमरेपर्यंत पोचायला मात्र तिला एवढी वर्षे लागली.

तपासण्यांच्या यादीत छातीचा एक्स-रे, क्षयासाठी मॅन्टू (हातावर त्वचेत टोचून तिथे किती फुगते ते मोजण्याची चाचणी) आणि सिफिलिसची रक्ततपासणी होती. शेवटचे नाव वाचून माझ्या पत्नीने माझ्याकडे जे पाहिले ते लिहिण्याची सोय नाही. क्षय आणि सिफिलिस हे दोन्ही आजार हुबेहूब अशी सूज आणू शकतात, आणि ते असताना नुसते स्टेरॉइड देत राहणे धोक्याचे असते, म्हणून ही तपासणी जवळजवळ प्रत्येकाची होते. हे एक वाक्य काउंटरवर आधी सांगितले असते तर आमचा परतीचा प्रवास अधिक बोलका झाला असता. बी२७चा अहवाल आठवड्याने आला आणि तो अपेक्षेप्रमाणे पॉझिटिव्ह होता.

आता औषधाविषयी. प्रेडनिसोलोन ॲसिटेट एक टक्का हे ड्रॉप्स जागेपणी दर तासाला, आणि बाहुली विस्फारून ठेवणारे ॲट्रोपिन दिवसातून दोनदा. प्रेडनिसोलोनचे हे औषध पाण्यात विरघळलेले नसते, त्याचे कण तळाशी बसतात. बाटली जोरात हलवली नाही तर आपण वरचे पाणीच डोळ्यात घालत राहतो आणि औषध बाटलीत राहते. हे मला सांगितले सिस्टरांनी, आणि नुसते सांगितले नाही तर त्यांनी माझ्याकडून बाटली वीस वेळा हलवून घेतली, एक थेंब घालायला लावला, मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबायला लावले, म्हणजे थेंब नाकावाटे घशात उतरत नाही. दोन ड्रॉप्समध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवायचे. पहिल्या खेपेला मी दोन्ही एकापाठोपाठ घालत होतो, म्हणजे दुसऱ्याने पहिल्याला धुऊन काढत होतो.

त्यांनी हाताने रेघा मारलेला एक तक्ता दिला, त्यात पुढचे सात आठवडे मांडलेले होते: तासाला, दोन तासांनी, दिवसातून सहादा, चारदा, तीनदा, दोनदा, एकदा. डोळा पांढरा दिसू लागला की माणूस औषध सोडतो, आणि औषध झटकन सोडले की सूज उलटते, म्हणून हा तक्ता फ्रिजवर लावा, अशी सूचना होती. प्रत्येक भेटीला बाटल्या सोबत आणायच्या, हा तिथला नियम मला आधी कटकटीचा वाटला. दुसऱ्याच भेटीत सिस्टरांनी माझ्या पिशवीतली बाटली उचलून विचारले, ‘हे कुणी दिलं?’ आमच्याकडच्या औषध दुकानदाराने प्रेडनिसोलोन संपले म्हणून फ्लुओरोमेथोलोन दिले होते, ‘तेच आहे सर, फक्त कंपनी वेगळी’ असे म्हणून. तेही स्टेरॉइडच आहे, परंतु डोळ्याच्या आत कमी पोचते आणि सौम्य आहे. चार दिवस मी तासातासाला गजर लावून तुलनेने दुबळे औषध घालत होतो. पेशींचा आकडा त्या दिवशी का उतरला नव्हता, याचे उत्तर पिशवीत सापडले.

ॲट्रोपिनची दुसरी बाजू कुणी पुरेशी स्पष्ट करून सांगितली नव्हती, हे इथे नोंदवतो. बाहुली मोठी राहते म्हणून उजेड जास्त शिरतो, आणि जवळचे पाहण्याची ताकदही तात्पुरती जाते. ड्रॉप्स बंद केल्यावरही हा परिणाम आठवडाभर किंवा त्याहून अधिक रेंगाळतो. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर आणि डाव्या डोळ्याला अक्षरांच्या जागी मुंग्यांची रांग, अशी माझी स्थिती झाली. शेवटी मुलीने प्रश्न वाचून दाखवायचे आणि मी उजव्या डोळ्याने गुण द्यायचे, असे निभावले. चिकटलेली कड मात्र बरीचशी सुटली. एक टोक राहिले आहे, ते आता तसेच राहणार आहे.

संधिवाततज्ज्ञांच्या खोलीत डोळ्याचा तोच केसपेपर जातो, आणि ही या ओपीडीची सर्वांत चांगली व्यवस्था आहे. मला पुन्हा पहिल्यापासून कहाणी सांगावी लागली नाही. त्यांनी मला भिंतीला पाठ लावून उभे केले, डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का पाहिले, वाकायला लावून कमरेवरच्या दोन खुणांमधले अंतर टेपने मोजले आणि छाती फुगवायला लावून पुन्हा टेप लावला. एक्स-रे मध्ये हाडातला बदल दिसायला वर्षे लागतात, म्हणून एमआरआय सांगितला, आणि त्यात कमरेच्या दोन्ही सांध्यांत सूज दिसली. मुलीची बी२७ तपासणी करावी का, असे विचारले तेव्हा त्यांनी ठामपणे नको म्हटले. चिन्ह तिच्यात उतरण्याची शक्यता निम्मी आहे, पण ते असलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना हा आजार कधीच होत नाही. तिला लक्षणे नसताना तपासणी करून घरात नुसती काळजी आणून ठेवायची, असे ते म्हणाले.

आता तक्रारी. सकाळी आठचा क्रमांक मिळाला तरी एक वाजण्याआधी मी एकदाही बाहेर पडलो नाही. बाहुल्या विस्फारण्याचे ड्रॉप्स घालून रुग्णांना ज्या बाकांवर बसवतात, तिथे समोरच्या भिंतीवर तीन ट्यूबलाइट आणि पूर्वेची खिडकी आहे. उजेड सहन होत नाही म्हणून आलेल्या माणसांना दोन तास उजेडाकडे तोंड करून बसवणे, हे ज्याने ठरवले त्याने स्वतःच्या डोळ्यात एकदा ते ड्रॉप्स घालून तिथे बसून पाहावे. ओसरीवर वाळत घातल्यासारखे आम्ही सगळे डोळ्यांवर रुमाल टाकून बसलेले असतो. बिलाच्या काउंटरवर दर वेळी वेगळी रांग, डोळ्याच्या दाबाची वेगळी पावती आणि मागच्या भागाच्या स्कॅनची वेगळी. स्टेरॉइडने डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून दाब दर भेटीला मोजलाच पाहिजे. मग त्याची पावती मूळ शुल्कातच धरायला काय हरकत आहे? शिवाय संधिवाततज्ज्ञ दोनच गुरुवारी असल्याने चुकीच्या गुरुवारी आलेल्या बाहेरगावच्या माणसाची फेरी वाया जाते. माझी एक गेली. स्वारगेटला उतरून पुन्हा त्याच एसटीने परत.

या सगळ्या तक्रारी मी ज्या एका गोष्टीपुढे विसरायला तयार आहे, ती म्हणजे झटक्याच्या वेळची तत्परता. केसपेपरवर एक दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो आणि बी२७ असलेल्या रुग्णांना सांगून ठेवतात, की पुन्हा तशीच कळ उठली तर गुरुवारची वाट पाहू नका. तिसरा झटका एका सोमवारी पहाटे आला, या वेळी उजव्या डोळ्यात. लाली फारशी नव्हती, फक्त आरशापुढचा दिवा लावल्यावर डोळा आपोआप मिटला. फोन केला, तिकडून ‘आजच या, अकरापर्यंत’ असे उत्तर आले, आणि दुपारपर्यंत ड्रॉप्स सुरू झाले होते. डाव्या डोळ्याला पहिल्या खेपेला जो विलंब झाला तो उजव्याला झाला नाही, आणि उजवी बाहुली आज पूर्ण गोल आहे. माझ्या दोन डोळ्यांत या सेवेच्या आधीचा आणि नंतरचा फरक कुणालाही पाहता येईल.

वर्षभरात हा तिसरा झटका, आणि दोन वेगवेगळ्या वेदनाशामक गोळ्या पुरेशा काळ घेऊनही पाठ आखडलेलीच, म्हणून दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसून बायोलॉजिक, म्हणजे जिवंत पेशींत तयार होणाऱ्या आणि सूज रोखणाऱ्या औषधाच्या, इंजेक्शनचा निर्णय घेतला. इथे एकाच केसपेपरचा खरा उपयोग झाला. मणक्यावर चालणारी सगळी इंजेक्शने डोळ्यावर सारखी चालत नाहीत. इटानरसेप्टने पाठीला आराम पडतो, परंतु डोळ्याचे झटके रोखण्यात ते ॲडॅलिम्युमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅब यांच्या मागे राहते. डोळ्याचा इतिहास समोर नसता तर पाठीसाठी कुठलेही निवडले गेले असते. माझ्यासाठी ॲडॅलिम्युमॅब ठरले, दर चौदा दिवसांनी ४० मिलिग्रॅम, त्वचेखाली. या औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, आवृत्ती डिसेंबर २०१४ मध्ये भारतातच, झायडस कॅडिलाने बाजारात आणली, आणि आता आणखीही भारतीय कंपन्यांची मिळते. मूळ औषधापेक्षा किंमत बरीच कमी असली तरी शिक्षकाच्या पगाराला ती जाणवतेच. माझ्या विमा कंपनीने, ‘रुग्णालयात भरती नाही’ या कारणाने, पहिले बिल परत पाठवले.

इंजेक्शनची घाई मात्र कुणी केली नाही. माझी मॅन्टू १४ मिलिमीटर फुगली होती. एक्स-रे स्वच्छ होता, खोकला-ताप नव्हता, तरी शरीरात झोपलेला क्षय या औषधाने जागा होऊ शकतो, म्हणून आधी क्षयप्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या आणि महिना उलटल्यावरच पहिले इंजेक्शन दिले. ते दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचे असते, गोठू द्यायचे नसते. बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटू नये म्हणून मी ते पंच्यात गुंडाळून थर्मासच्या डब्यात आणतो. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवले तर जळजळ कमी होते. मांडीत स्वतः टोचायला सिस्टरांनी दोन भेटींत शिकवले. तिसऱ्या वेळी मी घरी टोचले, आणि आई देवघरात जाऊन बसली.

सात महिने झाले, दोन्ही डोळे शांत आहेत आणि पहाटे तीनला जाग येत नाही. हा माझा एकट्याचा अनुभव आहे, प्रत्येकाचे औषध वेगळे असणार. वर्षाकाठी एखादाच सौम्य झटका येणाऱ्याला नुसते ड्रॉप्स पुरतात, आणि तशीच माणसे या ओपीडीत जास्त दिसतात. तुमच्या गावात अशी जोड-ओपीडी नसेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना पाठीविषयी आणि पाठीच्या डॉक्टरांना डोळ्याविषयी आपणहून सांगा, आणि दोघांचेही कागद एकाच फायलीत ठेवा. वैद्यकीय कौशल्याला आणि तत्परतेला मी पाचपैकी पाच गुण देतो, समजावून सांगण्याला चार, आणि बसण्याच्या व्यवस्थेला दीड.

तो दीड का, हे मी दहाव्या भेटीत सूचनावहीत सविस्तर लिहिले. अकराव्या भेटीला गेलो तेव्हा खिडकीला निळा पडदा लागला होता आणि तीनपैकी दोन ट्यूबलाइट काढलेल्या होत्या. तिसरी, बरोबर बाकासमोरची, चालूच होती. तिच्याखाली एक कागद चिकटवला होता: ‘कृपया दिवा बंद करू नये.’